पॅक केलेली गच्ची दर पावसाळ्यात गळते: पाणी शिरतं कुठून आणि थांबवायचं कसं

गच्ची पॅक केली, वर पॉलीकार्बोनेटची शीट टाकली, तिन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी भिंतीलगत ओल आली, फॅब्रिकेटर येऊन सिलिकॉन मारून गेला. तिसऱ्या वर्षी तीच जागा, पुन्हा सिलिकॉन. आता जुन्या थरावर नवे थर चढलेत आणि मृगाचा पाऊस लागला की बादली मांडावीच लागते. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूरकडच्या रो-हाउसमधून आणि इमारतींच्या जोडगच्च्यांवरून ही तक्रार दरवर्षी येते, आणि ती सांगायची पद्धतही बहुतेक हीच असते.

माझं म्हणणं आधीच सांगतो. ही गळती परत येते, कारण आपण पाणी जिथे टपकतं तिथे औषध लावतो, आणि जिथे ते शिरतं ती जागा तशीच राहते. शिवाय जे काम उताराने, पत्र्याच्या घडीने आणि एकावर एक चढवलेल्या जोडांनी व्हायला हवं, ते आपण एका नळीतल्या चिकट पदार्थाकडून करून घ्यायला बघतो. तो पदार्थ वाईट नाही. त्याच्यावर टाकलेलं ओझं त्याच्या ताकदीबाहेरचं आहे, आणि ते किती बाहेरचं आहे याचा हिशोब पुढे दिला आहे.

आधी ही गळतीच आहे ना, ते बघा

छताच्या खालच्या अंगाला सगळीकडे सारखे बारीक थेंब, तेही पहाटे आणि पाऊस नसलेल्या दिवशीसुद्धा दिसत असतील, तर ते बाहेरचं पाणी नाही. बंद जागेतली दमट हवा थंड शीटला लागून तिचं पाणी होतं. वॉशिंग मशीन तिथेच, ओले कपडे तिथेच, कुंड्याही तिथेच आणि खिडक्या बंद, असं असलं की हे होणारच. भिंतीच्या ओलीबद्दल शंका असेल तर भिंतीचा पृष्ठभाग पुसून कोरडा करा, फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारी कडांना टेप लावून चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा. खोलीकडच्या बाजूला ओल आली तर ती हवेतली. भिंतीकडच्या बाजूला आली तर भिंतीतूनच पाणी येतंय. हवेतल्या ओलीला उपाय एकच, छताच्या उंच बाजूला हवा बाहेर जायला कायमची जाळी. तिथे सिलिकॉनचा काही उपयोग नाही.

पाइप घेऊन शोध घ्या, खालून वर

कोरड्या दिवशी, दोन माणसं. एक बाहेर बागेचा पाइप घेऊन, दुसरा आत बॅटरी आणि खडू घेऊन. आतल्या दिव्या-पंख्यांचा एमसीबी आधी बंद करा. पीव्हीसी पॅनेलचं सीलिंग लावलेलं असेल तर भिंतीकडची एक-दोन पॅनेलं काढावी लागतील. ती काढायला लोक फार कुरकुरतात, पण सीलिंगच्या वर पडलेला थेंब पॅनेलवरून चार फूट सरकून भलत्याच सांध्यातून खाली येतो. ती काढल्याशिवाय शोध लागत नाही.

पाण्याची जोरदार चिळकांडी मारू नका, नुसतं वाहू द्या. आधी खिडकीचा खालचा ट्रॅक आणि सिल, मग खिडकीच्या उभ्या कडा, मग छताची बाहेरची कड, मग शीटचे जोड आणि स्क्रू, आणि शेवटी भिंतीलगतचा जोड. प्रत्येक जागी पंधरा मिनिटं तरी द्या. क्रम खालून वर ठेवायचा, कारण वरून सुरुवात केली की पाणी ओघळून खालचं सगळंच भिजवतं आणि कोणत्या जागेने दगा दिला ते कळत नाही. आत पाणी दिसलं की खडूने खूण करा, तिथेच थांबा, ती जागा कोरडी होऊ द्या आणि मग पुढे जा.

सगळं करूनही आत थेंब आला नाही, आणि पावसात मात्र हमखास गळतं, असं झालं तर छताच्या वरची भिंत भिजवा. तिच्यावरची बारीक भेग, वरच्या खिडकीच्या सिलखालची फट, एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक, यांतून पाणी प्लास्टरच्या मागे शिरतं, मागच्या मागे उतरतं आणि नव्या छताच्या खाली बाहेर पडतं. हे कारण सहसा कोणी बघत नाही. भिंत फॅब्रिकेटरची नाही, म्हणून तो बघत नाही. आणि नवीन काम गच्चीचं झालंय म्हणून घरमालकही वर बघत नाही.

भिंत आणि छत भेटतात ती रेघ

पाइपच्या शोधात बहुतेक वेळा खडूची खूण इथेच पडते, म्हणून इथे थोडा हिशोब करू.

पॉलीकार्बोनेट तापलं की बरंच वाढतं: दर मीटरला, दर अंशाला ०.०६५ मिलिमीटरच्या आसपास. मे महिन्यातल्या दुपारी शीट ६० अंशांपर्यंत तापली आणि वळवाच्या सरीने ती २५ अंशांवर आली असं धरा. तीन मीटर लांबीची शीट या ३५ अंशांत जवळजवळ ७ मिलिमीटर आखडते. तेवढ्याच लांबीची विटेची भिंत त्याच फरकात एक मिलिमीटरही हलत नाही. म्हणजे दोन्हींमधल्या फटीला सहा-सात मिलिमीटर मागेपुढे व्हावं लागतं, तेही पहिल्या पावसाच्या काही मिनिटांत.

आता त्या फटीत भरलेला सिलिकॉनचा पट्टा घ्या. चांगल्या प्रतीच्या साध्या सीलंटची हालचाल सोसायची क्षमता त्याच्या रुंदीच्या पाव हिश्शाइतकी असते. ५ मिलिमीटरचा पट्टा सव्वा मिलिमीटर ताणला जाईल. सात मिलिमीटर सोसायचे तर तो पट्टा २८ मिलिमीटर रुंद हवा, आणि तसा कोणी मारत नाही. तो एका कडेने सुटतो. सुटलेली कड डोळ्यांना दिसतही नाही, कारण शीट थंड-गरम होताना फट मिटते आणि उघडते. त्यातून वरवर नवा थर मारला तर तो धूळ बसलेल्या जुन्या सिलिकॉनला नीट धरत नाही. दरवर्षीच्या गळतीचं हे साधं गणित आहे.

उपाय म्हणजे फ्लॅशिंग, म्हणजे भिंतीत खोचून शीटवर उतरवलेली ॲल्युमिनियमची किंवा जीआय पत्र्याची पट्टी. तिचं सगळं यश ती भिंतीत किती खोल जाते यावर आहे. शीटच्या वर साधारण १५० मिलिमीटरवर भिंतीला कटरने आडवी खाच मारायची. बाहेरचं प्लास्टर २० मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हणून खाच विटेत शिरेपर्यंत, ३५ ते ४० मिलिमीटर खोल घ्यायची. पट्टीची वरची घडी त्या खाचेत बसवायची, खाच सीलंटने भरायची आणि पट्टी भिंतीवरून उतरवून शीटवर निदान १५० मिलिमीटर आणायची. शीटला ती स्क्रूने जखडायची नाही. शीटने तिच्याखालून मोकळेपणाने सरकलं पाहिजे, तेच तर आपल्याला हवंय. पन्हळी, म्हणजे नागमोडी शीट असेल तर पट्टी आणि शीट यांच्यामध्ये त्याच आकाराची फोमची पट्टी भरावी लागते, नाहीतर वाऱ्याबरोबर झड आत येते.

पुष्कळ ठिकाणी पट्टी नुसती प्लास्टरवर ठेवून खिळे मारलेले आणि वरून सिलिकॉनची रेघ ओढलेली दिसते. प्लास्टरमागून उतरणारं पाणी अशा पट्टीच्या मागून निघून जातं, आणि पट्टी असूनही गळतं म्हणून मालक वैतागतो. एक सावधगिरी मात्र हवी. ती जागा काँक्रीटच्या कॉलमची किंवा बीमची असेल तर खोल खाच मारू नका, सळईवरचं आवरण कापलं जातं. तिथे पट्टी पृष्ठभागावरच बोल्टच्या दाबपट्टीने बसवून तिच्या वरच्या कडेला सीलंट भरणं बरं.

सीलंट घेताना नळीवर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलंय का ते वाचा. मारताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सिमेंटच्या प्लास्टरला नीट धरत नाही आणि धातूला गंज आणतं. जुनं सिलिकॉन पात्याने पूर्ण खरवडून काढायचं, जागा पुसून कोरडी करायची, फट खोल असेल तर आत फोमची दोरी दाबायची आणि मग भरायचं. हे काम सकाळच्या वेळेत करावं, भर दुपारी शीट पुरती फुगलेली असताना करू नये.

शीटचे स्क्रू आणि उतार

वाढणारी शीट स्क्रूंनी घट्ट धरून ठेवली तर ती स्क्रूभोवतीचं भोकच फाडते. वॉशरखाली भोक लांबट झालेलं दिसलं तर कारण हेच. शीटमधलं भोक स्क्रूपेक्षा चार-पाच मिलिमीटर मोठं हवं, वर रुंद ईपीडीएम रबराचं वॉशर हवं, आणि रबर पुरतं चेपून बाहेर येईल इतकं आवळायचं नाही. पन्हळी शीटला स्क्रू उंचवट्यावर मारतात. खोलगट भागातून पाणी वाहतं, तिथलं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दिलेलं आमंत्रण. पोकळ, दुपदरी शीट असेल तर स्क्रूंऐवजी ॲल्युमिनियमच्या दाबपट्ट्या वापराव्यात. अशा शीटच्या नळ्या उताराच्या दिशेने असायला हव्यात, वरचं तोंड ॲल्युमिनियम टेपने बंद आणि खालचं तोंड हवा जाणाऱ्या टेपने. नळ्यांमध्ये हिरवं शेवाळ दिसत असेल तर ही तोंडं उघडी राहिलीत.

उतार निदान पाच अंश, म्हणजे मीटरला ९ सेंटिमीटर तरी हवा. प्रत्यक्षात तो मीटरला दोन-तीन सेंटिमीटरच मिळतो, कारण वरच्या खिडकीची सिल आडवी येते आणि बाहेरच्या बाजूला उंची कमी करायला कोणी तयार नसतं. सपाट छतावर पाणी रेंगाळतं आणि वाऱ्याने शीटच्या जोडातून वर ढकललं जातं. वळचणीचं पाणी आढ्याला जाणं इथे अक्षरशः घडतं. कोकणातल्या जुन्या घराच्या पडवीची कौलं बघा, केवढी उतरती असतात. कौलांच्या सांध्यांत काहीही भरलेलं नसतं आणि तरी चार महिने पडवी कोरडी राहते. झडीसाठी पुढे नारळाच्या झावळ्यांची झापं बांधली की झालं. उताराने आणि एकावर एक बसवलेल्या थरांनी काम होतं याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही. तुमच्याकडे उतार द्यायला जागाच नसेल, तर बाहेरची कड सहा-आठ इंच खाली घ्या. उंची थोडी गेली तरी चालेल.

सरकत्या खिडकीचा ट्रॅक

ट्रॅकमध्ये पाणी येणं हा दोष नाही. सरकत्या खिडकीत ते येतंच, आणि बाहेरच्या बाजूच्या छोट्या खाचांतून परत बाहेर जावं अशी तिची रचना असते. दोष असतो तो या खाचा बुजण्यात. फरशीवाल्याचं सिमेंट, कबुतरांची पिसं आणि धूळ यांनी त्या बुजतात, आणि कधी कधी गळती बंद करायला म्हणून आलेला माणूसच बाहेरून त्यांच्यावर सिलिकॉन मारून जातो! ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघा. ते मिनिटभरात बाहेर गेलं पाहिजे. नाही गेलं तर जुन्या टूथब्रशने आणि तारेने खाचा मोकळ्या करा, आणि खाचाच नसतील तर फॅब्रिकेटरकडून पाडून घ्या, प्रत्येक खिडकीला दोन-तीन.

खाचा मोकळ्या असूनही जोराच्या झडीत पाणी आत उडत असेल तर ट्रॅकची आतली कड मोजा. ताशी ७० किलोमीटरच्या आसपासचा वारा काचेवर जो दाब देतो, तो ट्रॅकमधलं पाणी साधारण २५ मिलिमीटर उंच तोलून धरतो. आतली कड त्याहून बुटकी असेल तर वारा असेपर्यंत पाणी कडेवरून घरात येणार, आणि वारा थांबला की आपोआप बंद होणार. ‘पाऊस तोच, पण कधी गळतं, कधी नाही’ या कोड्याचं उत्तर बहुधा हेच असतं. वाऱ्याकडच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः पश्चिम आणि नैऋत्येला, उंच कडेचा ट्रॅक किंवा सरकत्या खिडकीऐवजी बाहेर उघडणारी, रबराच्या पट्टीवर दाबून बसणारी खिडकी घ्यावी.

आणखी एक जागा हमखास राहून जाते. चौकट बसवताना ट्रॅकच्या तळातून खाली ग्रॅनाइटमध्ये स्क्रू मारतात. ट्रॅक भरला की पाणी त्या स्क्रूंच्या भोकांतून चौकटीखाली उतरतं आणि आतल्या भिंतीचा रंग सिलच्या खाली फुगतो. स्क्रूंची डोकी आणि ट्रॅकचे कोपरे सीलंटने बंद करा. इथे हालचाल थोडी असते, म्हणून सीलंट इथे टिकतं. ग्रॅनाइटची सिल बाहेरच्या बाजूला उतरती आहे का, भिंतीच्या पुढे इंचभर आली आहे का आणि तिच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच आहे का, तेही बघून घ्या.

खालच्या मजल्याच्या छताला डाग पडला असेल तर

हा प्रकार जास्त गंभीर आहे, कारण इथे शेजाऱ्याचं नुकसान होतं. लोखंडी चौकटीचे खांब उभे करताना तळपट्ट्यांचे अँकर बोल्ट फरशी आणि ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) यांतून खाली स्लॅबमध्ये जातात. कोबा हेच गच्चीचं वॉटरप्रूफिंग. त्याला पाडलेल्या भोकातून उतरलेलं पाणी कोब्यात पसरतं आणि खांबापासून बऱ्याच लांब, खालच्या घराच्या छताला डाग होऊन दिसतं. त्यात गच्ची बंद झाली म्हणून जुनी नहाणीची जाळी फरशीखाली गाडलेली असेल, तर आत आलेल्या पाण्याला दुसरी वाटच उरत नाही.

खात्री करायची तर गच्चीचं पाणी जायचं तोंड बंद करून, दाराच्या उंबऱ्याच्या खाली राहील असं इंचभर पाणी २४ तास साठवा आणि खालच्या छतावर नजर ठेवा. डाग वाढला तर एकेका खांबाभोवतीची फरशी काढून, बोल्टभोवती इपॉक्सी भरून, कोबा आणि भिंतीजवळचा वाटा (भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यातली गोलाई) पुन्हा नीट करून घ्यावा लागेल. वरून फरशीच्या सांध्यांत ग्राउट भरून हे मिटत नाही. काम अजून व्हायचं असेल तर खांब थेट कोब्यावर न ठेवता सहा इंचांच्या काँक्रीटच्या कट्ट्यावर उभे करा, वॉटरप्रूफिंग त्या कट्ट्यावर चढवून घ्या, आणि नहाणी कोणत्याही परिस्थितीत बुजवू नका. नवीन इमारत असेल तर हेही लक्षात घ्या: रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातले दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकाची असते. कोब्याला आपणच भोकं पाडली की गळती कोणामुळे झाली यावरून वाद होणारच. जमिनीवरची पडवी किंवा अंगण बंद केलं असेल तर तिथे फरशी बाहेरच्या जमिनीपेक्षा निदान सहा इंच वर हवी.

पन्हळ

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. १२ चौरस मीटरच्या एका छोट्या छतावर त्या दिवशी ११,३२८ लिटर पाणी पडलं असतं. शिवाय छताच्या वरची उंच भिंत वाऱ्यावरचा पाऊस अंगावर घेऊन तोही याच छतावर सोडते. म्हणून छताच्या कडेला पाणी गोळा करणाऱ्या पन्हळीला बारीक पाइप लावून भागत नाही. ११० मिलिमीटरचा पाइप घ्या, तोंडाला जाळी लावा आणि मेअखेर पाला काढा. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा थोडी खाली ठेवा, म्हणजे ती तुंबली तरी पाणी बाहेर सांडेल.

परवानगी

दुरुस्तीवर खर्च करण्याआधी मूळ काम परवानगीने झालंय का ते तपासा. विनापरवाना बांधकामावर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस येऊ शकते. इमारतीभोवतीच्या सामासिक अंतरात शेड टाकलेली असेल तर धोका सगळ्यात जास्त. सोसायटीची ना-हरकत वेगळी आणि महापालिकेची परवानगी वेगळी, एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही.

आत्ता पाऊस चालू असेल तर

भर जुलैत सीलंट मारू नका, ओल्या प्लास्टरला ते धरत नाही. आतून टेप किंवा पुट्टी लावून थेंब अडवूही नका. पाणी आत यायचं थांबत नाही, फक्त ते सीलिंगमध्ये किंवा वायरिंगच्या पाइपात वळतं. भिंतीलगतच्या जोडावर ताडपत्री घाला. तिची वरची कड भिंतीवर जोडापेक्षा फूट-दीड फूट वर लाकडी पट्टीने दाबून धरा आणि खालची कड शीटवरून उताराच्या दिशेने सोडा. हे करताना शीटवर पाय देऊ नका, खाली लोखंडी पट्ट्या असल्या तरीही. शिडी आणि फळी वापरा. गळणाऱ्या जागेजवळच्या दिव्याचं सर्किट बंदच ठेवा. खडूच्या खुणांचे फोटो काढून ठेवा, दिवाळीनंतर काम निघेल तेव्हा लागतील.

आणि काम देताना फॅब्रिकेटरशी एक गोष्ट लेखी ठरवा: शेवटचा हप्ता पाइपच्या परीक्षेनंतर. त्याच्यासमोर, खालून वर, प्रत्येक जागी पंधरा मिनिटं. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.